लौंग सेवेचं पाकीट छापायला देण्याआधी काय काय तपासायचं? (इंदूर)

रामबाग_गट
नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटाला लौंग सेव (लवंगेची शेव), भाजणीची चकली आणि पोह्यांचा चिवडा २०० आणि ४०० ग्रॅमच्या छापील पाकिटांत दुकानांवर ठेवायचाय. फॉसकॉसवरची (अन्न परवान्याच्या सरकारी साइटवरची) नोंदणी झाली आहे, १४ अंकी नंबर हातात आहे. छपाईवाल्यानं सेवेच्या पाकिटाचा मजकूर पाठवलाय, तो जसाच्या तसा देते:

"रतलामी लौंग सेव. १००% शुद्ध. कोलेस्टेरॉल-फ्री, ग्लुटेन-फ्री. साहित्य: बेसन, खाद्यतेल, मीठ, मसाले. निव्वळ वजन अंदाजे २०० ग्रॅम. पॅकिंगपासून ३ महिन्यांत उत्तम. एमआरपी ६० रुपये." खाली गटाचं नाव, "रामबाग, इंदूर" आणि परवाना नंबर. सगळं मराठीत.

सहा रंगांचे रोटो सिलिंडर (छपाईचे कोरीव रूळ) काढायचे आहेत. एकदा कोरले की बदल महागात जातो, म्हणून आधीच विचारते. काय काय चुकतंय?

अन्नतंत्र
ताई, विचारलंत ते बरं झालं. या मजकुरातली जवळपास प्रत्येक ओळ बदलावी लागेल.

पहिली गोष्ट भाषेची. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या लेबलिंग अँड डिस्प्ले नियमांप्रमाणे सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवा. मराठी त्याच्या जोडीला चालते, त्याच्या जागी नाही. लिपी एकच म्हणून चालून जाईल असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. नाही चालत.

"रतलामी" काढा. रतलामी सेवेला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे आणि तुमचा माल इंदूरला तळला जातोय. नुसतं "लौंग सेव" ठेवा, इथे त्यात काही कमीपणा नाही.

"१००% शुद्ध" तर आजच पुसा. जाहिरात आणि दाव्यांच्या २०१८ च्या नियमांत "शुद्ध" हा शब्द फक्त एकाच घटकाच्या आणि वरून काहीही न मिसळलेल्या पदार्थाला वापरता येतो. सेवेत बेसन, तेल, मीठ, लवंग, सोडा, सगळंच आहे. "१००%" हा दावाच टाळा, असं एफएसएसएआयनं मे २०२५ मध्ये वेगळं कळवलं आहे. ब्रँडच्या नावातच "शुद्ध", "पारंपरिक", "अस्सल" असे शब्द असतील, तर हे केवळ ब्रँडनाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप दाखवत नाही, अशा अर्थाची ठरलेली ओळ किमान ३ मि.मी. उंचीच्या अक्षरांत छापावी लागते. "पारंपरिक" हे वर्णन म्हणून वापरायचं, तर कृती पिढ्यान्‌पिढ्या फारशी न बदलता चालत आल्याचं दाखवता आलं पाहिजे. भाजणीच्या चकलीला ते जमेल, पेरीपेरी सेवेला नाही.

कोलेस्टेरॉल-फ्री: वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, पण या दाव्याला संपृक्त मेदाचीही अट आहे. १०० ग्रॅमला दीड ग्रॅमपेक्षा कमी हवा. पामोलिनमध्ये (पाम तेलात) तळलेल्या सेवेत तो १५-१६ ग्रॅमच्या घरात असतो.

ग्लुटेन-फ्रीचं (ग्लुटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन) वेगळं सांगतो, कारण तिथे खरा धोका आहे. हिंग कुठला वापरता?

रामबाग_गट
सियागंज बाजारातून आणतो, बांधणी हिंग. पण बेसनात गहू येतोच कुठे?

अन्नतंत्र
बेसनात नाही, हिंगात. हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा. बहुतेक बांधणी हिंगात डिंकाबरोबर मैदा असतो, काहींत तांदळाचं पीठ. मैदावाला हिंग किलोमागे चिमूटभर पडला तरी ग्लुटेन आलं. ग्लुटेन-फ्री म्हणायला २० मि.ग्रॅ. प्रतिकिलोच्या आत असावं लागतं आणि ते प्रयोगशाळेच्या अहवालानंच सिद्ध होतं. शिवाय तुमच्या भाजणीत गहू असेल आणि सोऱ्या, कढई, झारा तेच असतील, तर हा दावा करायचाच नाही. सिलिॲकच्या (ग्लुटेन न चालणाऱ्या) रुग्णानं लेबलवर भरवसा ठेवून खाल्लं तर प्रकरण मिसब्रँडिंगपुरतं, म्हणजे चुकीच्या लेबलापुरतं राहणार नाही.

मिश्र घटक ५ टक्क्यांहून कमी असेल तर त्याच्या पोटातले घटक लिहायची गरज नसते. ॲलर्जी देणारे घटक मात्र त्यातूनही सुटत नाहीत. म्हणून हिंग मैदावाला असेल तर सेवेवर "गहू (ग्लुटेन) आहे" अशी वेगळी ओळ हवी. चिवड्यावर शेंगदाणा, काजू घालत असाल तर तोही. एकाच खोलीत सगळं बनतं, तेव्हा सेवेवर "शेंगदाण्याचा अंश असू शकतो" हेही टाका.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं. नुसतं "खाद्यतेल" चालत नाही, कुठलं ते लिहायचं: खाद्य वनस्पती तेल (पामोलिन) किंवा शेंगदाणा तेल, जे प्रत्यक्षात कढईत आहे ते. भाव पाहून महिन्याला तेल बदलणाऱ्यांचं घोडं इथे अडतं, पाकिटावर शेंगदाणा आणि कढईत पाम. खायचा सोडा हा ॲडिटिव्ह आहे, तो कामाच्या वर्गासह आणि आयएनएस या क्रमांकासह लिहायचा: रेझिंग एजंट (फुगवणारा), आयएनएस ५००(ii). चिवड्यात सायट्रिक ॲसिड असेल तर ॲसिडिटी रेग्युलेटर, आयएनएस ३३०. "मसाले" हा एकत्र शब्द चालतो, मीठ मात्र वेगळं.

पोषणाचा तक्ता तुमच्या डिझाइनमध्ये दिसतच नाही. १०० ग्रॅममागे ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण मेद, संपृक्त मेद, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल, सोडियम. त्याशिवाय एका वाढपात (एका वेळच्या खाण्यात) रोजच्या गरजेचा किती टक्के भाग जातो ते. आधार २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम मेद, २२ ग्रॅम संपृक्त मेद, २ ग्रॅम ट्रान्स फॅट, ५० ग्रॅम वरची साखर आणि २००० मि.ग्रॅ. सोडियम. समजा सेवेत १०० ग्रॅमला मेद ४० ग्रॅम, संपृक्त १६ ग्रॅम, सोडियम ९०० मि.ग्रॅ. निघालं आणि वाढप ३० ग्रॅमचं धरलं, तर मेद १२ ग्रॅम म्हणजे १८ टक्के, संपृक्त ४.८ ग्रॅम म्हणजे २२ टक्के, सोडियम २७० मि.ग्रॅ. म्हणजे साडेतेरा टक्के. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, उचलून छापू नका. आपला माल एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत द्या. दुसऱ्याच्या पाकिटावरचा तक्ता नकलणारे खूप आहेत आणि ते पकडणं अगदी सोपं असतं. तेल वेगळं, संपृक्त मेदाचा आकडा मात्र सारखाच.

तराजू_पोलोग्राउंड
आता नापतौलवाल्यांच्या, म्हणजे वजनमापं खात्याच्या बाजूनं. लीगल मेट्रॉलॉजीचे पॅकेज्ड कमोडिटीज रूल्स २०११ चे, दुरुस्त्या बऱ्याच झाल्यात.

"अंदाजे २०० ग्रॅम" मधला "अंदाजे" गेला पाहिजे. अंदाजे, सरासरी, किमान, "पेक्षा कमी नाही", असा कुठलाही शब्द वजनाला जोडायचा नाही. इंग्रजीत लिहिताना एककाचं चिन्ह म्हणजे फक्त लहान लिपीतला जी. "जीएम", "जीएमएस", "ग्रॅम्स" ही सगळी चुकीची, आणि नोटिसा यावरच सर्वांत जास्त निघतात, कारण निरीक्षकाला मोजायलाही लागत नाही, नुसतं वाचायचं.

एमआरपीबरोबर "सर्व करांसहित" हवं. त्याच्याजवळ युनिट सेल प्राइस, म्हणजे एककाची किंमत. एक किलोच्या आतल्या मालाला प्रतिग्रॅम, वरच्याला प्रतिकिलो, दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत. तुमचं २०० चं पाकीट ६० रुपयांना म्हणजे ०.३० रुपये प्रतिग्रॅम. ४०० चं ११० ला ठेवलंत तर ०.२७५ येतं, ०.२८ लिहा. बरोब्बर एक किलोचं पाकीट असेल तर एमआरपी आणि ही किंमत एकच, वेगळी छापायची गरज नाही.

तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन आणि ई-मेल. पत्ता पूर्ण हवा. "रामबाग, इंदूर" एवढ्यानं भागत नाही, घर नंबर, गल्ली आणि पिन कोडसकट लिहा.

फॉसकॉसचा नंबर मिळाला म्हणजे नापतौलची नोंदणी झाली असं नसतं. पॅकर म्हणून नियम २७ ची नोंदणी वेगळी. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत अर्ज, फी ५०० रुपये. इलेक्ट्रॉनिक काट्याचं सत्यापन दर १२ महिन्यांनी, आणि त्याचं प्रमाणपत्र काट्याजवळच लावून ठेवा.

छप्पनवाला
२०० ग्रॅमवर ९ ग्रॅमची सूट असते ना? मग वजनाचं एवढं टेन्शन कशाला. १९५ भरलं तरी पास.

तराजू_पोलोग्राउंड
नाही भिया. याच समजुतीनं लोक अडकतात. ती सूट एकेका पाकिटातल्या चुकीसाठी आहे. ५० ते १०० ग्रॅमला ४.५ ग्रॅम, १०० ते २०० ला ४.५ टक्के, २०० ते ३०० ला ९ ग्रॅम, ३०० ते ५०० ला ३ टक्के, ५०० ते १००० ला १५ ग्रॅम. म्हणजे २०० ला ९ आणि ४०० ला १२ ग्रॅम. पण तपासणीत लॉटमधून नमुने काढून त्यांची सरासरी बघतात, आणि ती छापील वजनाहून कमी चालत नाही. सगळी पाकिटं १९५ ची भरलीत तर एकही पाकीट मर्यादेबाहेर नाही आणि तरी पूर्ण लॉट नापास.

बहुतेक ठिकाणी हे मुद्दाम होत नाही. घोळ असतो पिशवीच्या वजनाचा. १६ बाय २४ सेंमी.ची लॅमिनेट पिशवी घ्या, १२ मायक्रॉन पीईटी, १२ मायक्रॉन मेटलाइज्ड पीईटी आणि ५० मायक्रॉन पॉली. तिचं वजन सहा-साडेसहा ग्रॅम भरतं. भरणारी बाई पिशवी काट्यावर ठेवते, २०० दिसेपर्यंत सेव घालते. आत राहिली १९४. टेअर करून (रिकाम्या पिशवीचं वजन काट्यावर शून्य करून) बसवलं असेल तरी पुढच्या लॉटची पिशवी जाड आली की तेवढा फरक पडतोच. नवीन बंडल उघडलं की दहा पिशव्या एकत्र तोला, दहानं भागा, टेअर नवा घ्या. आणि भरायचं लक्ष्य २०२-२०३ ठेवा.

मिठाईवाल्यांचं डब्यासकट तोलणं हाही त्यातलाच प्रकार, दिवाळीच्या मोहिमेत नापतौलवाले पहिल्यांदा तेच बघतात.

छप्पनवाला
बरं. पण मग दुकानात आम्ही अर्धा किलोच्या थैल्या आधीच भरून ठेवतो, सीलसुद्धा नसतं, गाठ मारलेली. त्याला काय लेबल लावायचं? ते तर सुटंच आहे.

तराजू_पोलोग्राउंड
कायद्यात सीलचा प्रश्नच नाही. गिऱ्हाईक समोर नसताना ठरावीक वजनाचा माल कशातही भरून ठेवला की तो प्री-पॅकेज्ड. गाठ मारा, रबर लावा नाहीतर स्टेपल करा. गिऱ्हाईकासमोर तोलून दिलं तर सुटं. गर्दीच्या दिवसांत आधी भरून ठेवायचं असेल तर त्या थैल्यांवर पूर्ण लेबल लावा.

लॅमिनेट_सांवेररोड
पिशवीबद्दल कुणी बोललंच नाही अजून. लेबल सुधारता येतं, चुकीची पिशवी मात्र भंगारातच जाते.

२०१८ चे पॅकेजिंग नियम १ जुलै २०१९ पासून लागू आहेत. त्यात अन्नाला चिकटणाऱ्या प्रत्येक पॅकिंग मटेरियलसाठी एनएबीएल प्रयोगशाळेचं कन्फर्मिटी सर्टिफिकेट घेणं ही तुमची, म्हणजे अन्न व्यावसायिकाची जबाबदारी आहे, पिशवीवाल्याची नाही. छपाईवाला "फूड ग्रेड आहे ना, काळजी नको" म्हणेल. त्याला म्हणा, कागद दे.

कागद मिळाल्यावर तो वाचायचा कसा, ते महत्त्वाचं. प्लास्टिकमधून अन्नात एकूण किती पदार्थ उतरतो ते आयएस ९८४५ या भारतीय मानकाप्रमाणे तपासतात. मर्यादा ६० मि.ग्रॅ. प्रतिकिलो किंवा १० मि.ग्रॅ. प्रति चौरस डेसिमीटर, आणि रंग उतरलेला दिसता कामा नये. पण तपासताना अन्नाऐवजी सिम्युलंट वापरतात, आणि तो पदार्थानुसार बदलतो. पाणीदार पदार्थाला डिस्टिल्ड वॉटर, आंबटाला ३ टक्के ॲसेटिक ॲसिड, तेलकटाला एन-हेप्टेन. बाजारात फिरणारे निम्मे रिपोर्ट फक्त पाण्यावरचे असतात, कारण त्यात सगळंच पास होतं. सेव-चकलीच्या पिशवीला पाण्याचा रिपोर्ट काही कामाचा नाही. उद्या लोणचं भरणार असाल तर ॲसेटिक आणि हेप्टेन दोन्ही मागा. रिपोर्टवरचं मटेरियलचं वर्णन, लेअर आणि मायक्रॉन तुमच्या पिशवीशी जुळतात का, तेही बघा. "प्लास्टिक पाउच" एवढंच लिहिलेला रिपोर्ट म्हणजे कुठल्याही पिशवीचा रिपोर्ट.

दुसरं, छपाई. शाई आयएस १५४९५ प्रमाणे हवी, टोलीन नसलेली. आणि छापलेली बाजू अन्नाला लागता कामा नये. म्हणून रिव्हर्स प्रिंट मागा: छपाई वरच्या पीईटीच्या आतल्या अंगाला, त्यावर पुढचा थर चिकटवलेला, म्हणजे शाई दोन थरांच्या मध्ये बंद. स्वस्तातल्या एकेरी पॉलीच्या पिशवीवर वरून छापतात. रोल गुंडाळला की बाहेरची शाई आतल्या बाजूला टेकते, आणि तीच बाजू नंतर सेवेला लागते. ओळखायची सोपी रीत: छपाईवर चिकटपट्टी दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. शाई पट्टीवर आली तर ती वरची छपाई आहे.

लॅमिनेट झाल्यावर सॉल्व्हंट पूर्ण उडालं नसेल तर पिशवी उघडल्यावर थिनरसारखा वास येतो. तो वास तेलकट पदार्थ चटकन धरतो. नवीन लॉटमधली एक पिशवी सील करून तासभर उन्हात ठेवा, मग कापून लगेच हुंगा.

सराफा_रात्री
आणि वर्तमानपत्र? पोह्याखाली ते लागतंच आपल्याकडे :)

लॅमिनेट_सांवेररोड
त्याच नियमांत वर्तमानपत्र अन्न बांधायला किंवा ठेवायला साफ मना आहे. गरम तेलकट पोहे-जलेबी खाली ठेवली की शाई सुटते. तेल टिपायलाही वापरू नका, तळणीच्या टोपलीत तर नाहीच. कोरा फूड ग्रेड कागद सियागंजात रीमनं मिळतो.

मिठाईच्या डब्यावर गुंडाळतात ती चकचकीत फिल्मही १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बंदीत आहे. दिवाळीत अजून सर्रास दिसते. कॅरीबॅग १२० मायक्रॉनच्या खालची चालत नाही, ३१ डिसेंबर २०२२ पासून. महापालिकेची गाडी स्वच्छतेच्या नंबरासाठी फिरते तेव्हा आधी याच दोन गोष्टी उचलते.

रामबाग_गट
ईपीआर (प्लास्टिक पॅकिंगच्या कचऱ्याच्या जबाबदारीची) नोंदणी आम्हाला करावी लागेल का? छपाईवाला म्हणतो, सीपीसीबीचा (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा) नंबर द्या नाहीतर छापत नाही.

लॅमिनेट_सांवेररोड
१६ फेब्रुवारी २०२२ च्या ईपीआर मार्गदर्शक तत्त्वांत ब्रँड ओनरमधून सूक्ष्म आणि लघु उद्योग वगळले आहेत. १ एप्रिल २०२५ पासूनचे निकष धरले तर सूक्ष्म म्हणजे १० कोटींपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक. उद्यम नोंदणी करून घ्या आणि तिची प्रत छपाईवाल्याला द्या. पिशवी बनवणारा मात्र प्रोड्यूसर म्हणून नोंदलेला हवा, नंबर त्याचाच लागतो. म्हणजे खरं तर तुम्ही त्याच्याकडे नंबर मागायला हवा. त्याचं नाव, नोंदणी नंबर आणि पिशवीची जाडी यांच्यासाठी मागच्या बाजूला जागा सोडा. २०२५ च्या दुरुस्तीनंतर ही माहिती क्यूआर किंवा बारकोडमधूनही देता येते.

डिझाइनमध्ये आणखी एक जागा सोडायची, आणि ती सगळे विसरतात. बॅच, तारीख आणि एमआरपी नंतर मारायला कोरी चौकट, खाली फिकट रंग, वर वॉर्निश नाही. रबरी शिक्क्याची शाई तेलकट हातानं पुसली जाते, आणि पुसलेली तारीख म्हणजे कायद्यानं तारीखच नाही. लवकर सुकणारा इंकजेट किंवा थर्मल ट्रान्सफर घ्या. हिरवा ठिपकाही मापानं हवा. तुमच्या पिशवीची दर्शनी बाजू साधारण ३८० चौ. सेंमी. होते. १०० ते ५०० मध्ये वर्तुळ किमान ४ मि.मी. आणि भोवतीच्या चौकटीची बाजू त्याच्या दुप्पट, ८ मि.मी. डिझाइनर लोगोला शोभेल म्हणून तो बारीक करतात.

माझं स्पष्ट मत विचाराल तर पहिल्या वर्षी सिलिंडर काढूच नका. कोरी मेटलाइज्ड पिशवी घ्या, वर एकच पूर्ण लेबल पक्कं चिकटवा. विक्री बसली, मजकूर ठरला, की मग रोटो.

छप्पनवाला
चुकलं तर स्टिकर मारून सुधारता येईल की.

तराजू_पोलोग्राउंड
नाही येत. पूर्ण लेबल चिकटवणं वेगळं आणि छापील मजकूर बदलायला वरून चिट्टी मारणं वेगळं. एमआरपी कमी करायची असेल तर नवीन कमी किमतीचा स्टिकर चालतो, पण जुनी किंमत झाकता कामा नये. वाढवायला तर अजिबात नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा जुन्या मालावर नव्या किमतीसाठी सरकारनं वेगळी मुभा दिली होती. ती कायमची समजू नका.

कढई_मालवा
तारखेचं राहिलंय. "३ महिन्यांत उत्तम" एवढं पुरत नाही. एक्स्पायरी किंवा यूज बाय सक्तीची आहे, बेस्ट बिफोर ऐच्छिक. टिकाऊपणा तीन महिन्यांपर्यंतचा असेल तर दिवस, महिना, वर्ष तिन्ही. त्याहून जास्त असेल तर महिना आणि वर्ष चालतं.

आणि तीन महिने आले कुठून? माल ३८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला ठेवून दर आठवड्याला पेरॉक्साइड, फ्री फॅटी ॲसिड (ही दोन्ही खवटपणाची मापं) आणि ओलावा बघा. पारदर्शक पिशवीत, दुकानाच्या काचेत उन्हात टांगलेली सेव महिन्याभरात खवट होते, मेटलाइज्डमध्ये तीच टिकते. बऱ्याचदा दोष पिशवीचा नसतो, सीलचा असतो. सेवेची भुकटी स्थिर विजेनं तोंडाशी चिकटते, सील तिच्यावर बसतं आणि केसाएवढी फट राहते. पाण्याच्या बादलीत पाकीट दाबून धरा, बुडबुडा आला तर तोंड पुसूनच सील करायची सवय लावा.

तेलाचं तर वेगळंच प्रकरण आहे. १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेल तापून तापून तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की तेल बाद. रोज ५० लिटरहून जास्त तेल लागत असेल तर नोंदवही ठेवायची आणि वापरलेलं तेल अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यायचं. जुन्या तेलात नवीन ओतत राहिलं की आकडा थोडा खाली येतो आणि लगेच वर चढतो, कारण खराब झालेला भाग कढईतच असतो. रंगावर जाऊ नका. बेसन जळालं की चांगलं तेलही काळपट दिसतं, आणि गाळलेलं खराब तेल सोनेरी दिसतं. मीटर किंवा पट्टी घ्या. ट्रान्स फॅट एकूण तेलाच्या २ टक्क्यांच्या आत, हे १ जानेवारी २०२२ पासून. वनस्पती तूप वापरत नसाल तर त्याची फार काळजी नको.

बेसन सुटं घेत असाल तर मेटॅनिल यलो (खाण्यात मनाई असलेला पिवळा रंग) बघा. चमचाभर बेसन पाण्यात हलवून वर हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब. गुलाबी-जांभळा रंग आला तर पाणी ओता. हळद असेल तर रंग जातो, मेटॅनिल यलोचा राहतो.

रामबाग_गट
समजा सणाच्या आधी फूडवाले नमुना घ्यायला आले, तर गटातल्या बायकांनी काय करायचं? घाबरतात सगळ्या.

धारा_५२
घाबरायचं कारण नाही, पण तिथल्या तिथे काही गोष्टी कराव्या लागतात, नंतर होत नाहीत.

नमुना घेताना अधिकारी फॉर्म व्हीए भरून देतो आणि मालाची नेहमीच्या विक्रीची किंमत देतो, ती घ्या आणि पावती ठेवा. नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेकडे, दोन डेझिग्नेटेड ऑफिसरकडे (अन्न सुरक्षा खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे). चौथा भाग एनएबीएल प्रयोगशाळेत पाठवायचा हक्क तुमचा आहे, पण त्याच वेळी लेखी मागावा लागतो आणि खर्च तुमचा. बायकांना हेच एक वाक्य पाठ करायला सांगा: "चौथा भाग एनएबीएलला पाठवा, हा आमचा अर्ज." अर्जाचा छापील नमुना काउंटरखाली ठेवून द्या.

ज्या बॅचचा नमुना गेला तिची दोन-तीन पाकिटं स्वतःकडे तशीच ठेवा. बेसन-तेलाची बिलं त्याच बॅच नंबरवर लावून ठेवा. पुरवठादाराच्या बिलावर फॉर्म ई ची हमी असेल तर दोष कच्च्या मालात निघाल्यावर ती उपयोगी पडते. बिल नसलेल्या स्वस्त बेसनाला ही सोय नाही.

विश्लेषकानं १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो विरोधात आला तर डेझिग्नेटेड ऑफिसरकडे ३० दिवसांच्या आत अपील, मग नमुना रेफरल प्रयोगशाळेत जातो आणि तिथला अहवाल अंतिम. हे ३० दिवस चुकवून सरळ एडीएमसमोर (दंड ठरवणाऱ्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यासमोर) हात जोडायला जाणारे अनेक. तोवर वेळ गेलेली असते, अहवालावर वाद घालता येत नाही, फक्त दंड किती यावर बोलता येतं.

सब-स्टँडर्डला (दर्जा कमी निघालेल्या मालाला) अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ५१, दंड ५ लाखांपर्यंत. मिसब्रँडेडला कलम ५२, ३ लाखांपर्यंत, आणि एडीएम मजकूर दुरुस्त करायचा किंवा माल नष्ट करायचा आदेशही देऊ शकतात. खायला असुरक्षित निघालं तर कलम ५९, तिथे तुरुंग आहे. दंड ठरवताना कलम ४९ प्रमाणे फायदा किती झाला, नुकसान किती, पुन्हा पुन्हा घडलंय का, जाणूनबुजून केलंय का, हे बघायचं असतं. म्हणून उत्तरात "माफ करा, गरीब गट आहे" एवढंच लिहू नका. पहिलाच प्रकार, नोटीस मिळताच कुठल्या तारखेला छपाई थांबवली, जुनी लेबलं किती आणि कशी नष्ट केली, नव्या लेबलाची प्रत सोबत, असं मुद्द्याला धरून लिहा. लेबलच्या चुकीत याचा परिणाम होतो.

आणि एक विचारतो. सेव तुम्हीच तळता ना? की कुठल्या कारखान्यातून सुटी आणून भरता?

रामबाग_गट
सेव आणि चकली आमची. चिवड्यातली बारीक सेव मात्र बाहेरून येते.

धारा_५२
चिवड्यात घटक म्हणून येते तेवढं ठीक, बिल ठेवा आणि तिचं तेलही घटकांत धरा. पण उद्या ती बारीक सेव नुसतीच तुमच्या नावाच्या पाकिटात भरलीत, तर फॉसकॉसवर रिपॅकर हा प्रकार जोडावा लागेल. आणि दुसऱ्यानं बनवून, भरून तुमच्या ब्रँडनं दिली, तर बनवणारा आणि मार्केट करणारा दोघांचं नाव, पत्ता, परवाना नंबर पाकिटावर.

छप्पनवाला
पुण्याला पाठवायचं तर सेंट्रल लायसन्स लागतं म्हणे?

धारा_५२
नुसतं विकायला नाही. इंदूरला बनवून पुण्याच्या दुकानदाराला पाठवलं तर इंदूरची नोंदणी पुरते, पुण्याचा दुकानदार आपली स्वतःची नोंदणी ठेवतो. पुण्यात तुमचं स्वतःचं गोदाम किंवा किचन उघडलंत तर त्या जागेची वेगळी, आणि दोन राज्यांत जागा झाल्या की मुख्य कार्यालयासाठी सेंट्रल.

ऑनलाइन विकणार असाल तर दोन गोष्टी. पाकिटावरचा मजकूर साइटवरही द्यायचा, उत्पादनाचा महिना-वर्ष सोडून. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआयनं ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना सांगितलंय की माल घरी पोचताना निदान ३० टक्के आयुष्य किंवा एक्स्पायरीला ४५ दिवस बाकी हवेत. ९० दिवसांची सेव असेल तर ती त्यांच्या गोदामात ताजीच पोचली पाहिजे. दिवाळीचा उरलेला माल डिसेंबरात तिथे ढकलायला जाल तर परत येईल.

रामबाग_गट
सिलिंडर थांबवले. कोरी पिशवी आणि चिकटवायचं लेबल, हिंदी-इंग्रजी दोन्हींत, मराठी नाव वर मोठं. पिशवीवाल्याकडे हेप्टेनचा रिपोर्ट मागितला, तो म्हणतो असा रिपोर्ट कुणी मागतच नाही.

लॅमिनेट_सांवेररोड
मग दुसरा पिशवीवाला बघा.